ह्यांचं इंग्रजी

मी हात वर केला. एरवी मी शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसते आणि टीचरची नजर आपल्याकडे वळतेय असं दिसलं की पिशवीत काहीतरी शोधायला लागते. पण त्या संध्याकाळी मला उत्तर येत होतं. नुसतं येत नव्हतं, ते माझ्या घरचं होतं. फळ्यावर त्या दिवशीचे शब्द लिहिलेले होते: करेज, ब्रेव्ह, अफ्रेड, होप, स्ट्रगल, ओव्हरकम. धडा हिमतीचा होता, माणसं संकटातून कशी बाहेर येतात त्याचा. शब्द ओळीने म्हणून झाले, अर्थ झाले, आणि मग टीचरने विचारलं की आपलं माणूस खचलं असेल तर त्याला आपण काय म्हणू. परदेशी नोकरीला निघालेली नर्स म्हणाली, "डोन्ट वरी." टॅक्सीवाला म्हणाला, "बी ब्रेव्ह." टीचर खूश झाली. "अजून कोण?" आणि मी, साठीला टेकलेली पडदे शिवणारी बाई, उभी राहिले, घसा साफ केला आणि मनात जुळवलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. "आय से टू माय हजबंड एव्हरी मॉर्निंग, गिवप!" मूठसुद्धा उगारली, रोज उगारते तशीच.

वर्ग हसला. त्यात कुचकेपणा नव्हता, वर्गातली माणसं चांगली आहेत. दिवसभर राबून येतात आणि हसायला निमित्तच शोधत असतात. टीचरही हसली, मग तिने ओठ मिटले आणि मराठीत म्हणाली, "काकू, उलटं झालं. गिव्ह अप म्हणजे हार मानणं. आता माझ्याच्यानं होत नाही, सोडतो, असं. तुम्हाला म्हणायचंय डोन्ट गिव्ह अप." तिने ते फळ्यावर लिहिलं, दोन वेगळे शब्द, आणि आधी लाल खडूने 'डोन्ट'. मी म्हणाले, "दुसरा काही अर्थ नसतो का त्याचा? जुना वगैरे?" ती माझ्या मुलापेक्षाही लहान आहे, चुकत असेल, असं मला वाटत होतं; वाटत कसलं, मी तिच्या चुकण्याची वाट बघत होते. "नाही हो काकू. हाच." टॅक्सीवाला मागे वळला. "म्हणजे काकू, तुम्ही काकांना रोज सकाळी उठून हार मान सांगता होय! आणि काका ऐकतात का?" पुन्हा हशा. मग सगळ्या वर्गाने मोठ्याने म्हटलं, डोन्ट गिव्ह अप, तीनदा म्हटलं, आणि मीही म्हटलं. हसलेसुद्धा. माझे हात बाकाच्या कडेला धरलेले होते आणि ते मला माझे वाटत नव्हते, कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखे दिसत होते. कारण तो शब्द मी शोधून काढलेला नव्हता. तो ह्यांचा होता. ह्यांनी म्हटला, म्हणून मी शिकले.

हे, म्हणजे माझे यजमान, बंदराच्या कंट्रोल रूममध्ये होते. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या जहाजांशी रेडिओवर बोलायचं, कोणी थांबायचं आणि कोणी पुढे यायचं ते सांगायचं, हे त्यांचं काम. आणि ते सगळं इंग्रजीत, कारण जहाजावरची माणसं कुठकुठली. घरी मात्र इंग्रजीचा एक शब्द नाही. घरी तसे ते मराठीही बेताचंच बोलत. मी बोलायचं आणि त्यांनी हं म्हणायचं, अशी आमची वाटणी होती आणि ती दोघांनाही मानवलेली होती. झटका आला तेव्हा ते दाढी करत होते. अर्धा चेहरा साबणाचा, अर्धा मोकळा, आणि मी बाहेरून ओरडतेय की चहा गार होतोय. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी वॉर्डात त्यांच्या कानाशी वाकून म्हणत राहिले, अहो, ओळखलंत का मला, अहो; आणि एका दुपारी त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाले, "से अगेन." मला वाटलं, डोकं गेलं. नर्स मात्र आनंदाने धावत डॉक्टरांना बोलवायला गेली. वाचा परत आली होती, पण येताना इंग्रजी घेऊन आली होती. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं. डोक्यात दोन भाषांच्या दोन खोल्या असल्या तर एकीचं छत कोसळतं आणि दुसरी शाबूत राहते. मराठी त्यांना थोडं कळतं, थोडं नाही, आणि किती कळतं ते खुद्द त्यांनाही सांगता येत नाही. नको असेल तर म्हणतात नेगेटिव्ह, कळलं की म्हणतात कॉपी. दीर भेटायला आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, या वयात साहेबाशी लग्न लागलं तुमचं." मी हसले. मी तेव्हा सगळ्यालाच हसत होते, कारण माणूस घरी आला होता.

घरी आणल्यानंतरची पहिली सकाळ मला टाक्याटाक्याने आठवते. व्यायाम शिकवणारा तरुण आला, त्याने दाराच्या चौकटीला वर कप्पी ठोकली, तिच्यातून दोरी ओवली आणि दोरीच्या टोकाला ह्यांचा निर्जीव हात बांधला. दुसरं टोक डाव्या हातात. डाव्याने ओढायचं, उजवा वर जाईल. रोज ओढत राहायचं, मग एक दिवस उजव्याला स्वतःची आठवण होईल. हात वर जाताना ह्यांच्या तोंडातून लाळ गळत होती आणि मी टॉवेल घेऊन उभी होते. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा ओढताना ते थांबले, बाजूला उभ्या असलेल्या आमच्या मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आय गिव्ह अप." जीभ जड होती, दोन शब्दांचा एक झाला होता. "काय म्हणतात रे?" मी मुलाला विचारलं. मुलगा विमा कंपनीत आहे, दिवसभर इंग्रजीतच लिहितो, त्याला सगळं कळतं. तो क्षणभर दोरीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणतात, सोडायचं नाही. नेट धरायचा." माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, बघा! अर्धं अंग गेलंय आणि माणूस मलाच धीर देतोय. मी टॉवेलासकट मूठ उगारली आणि म्हणाले, "गिवप! गिवप, हं!" व्यायामवाला माझ्याकडे बघतच राहिला, मग हसून ह्यांना म्हणाला, "सर, मॅडम इज टीझिंग यू. डोन्ट लिसन, नेव्हर!" मला वाटलं तोही तेच म्हणतोय. मुलगा दार ओढून बाहेर गेला. फोन आला असेल, असं मी धरून चालले.

वर्ग सुटला आणि मी जिना उतरले. वर्ग टायरच्या दुकानाच्या माडीवर भरतो, जिन्यात कायम रबराचा वास असतो. तो रोज नाकात जातो आणि रोज मला शिंका येतात, त्या दिवशी आल्या नाहीत. रस्त्यावर नेहमीची गर्दी होती. मी कुठल्या बाजूला वळले ते आठवत नाही, पण दाताच्या डॉक्टरच्या खिडकीसमोर उभी होते एवढं आठवतं, कारण तिथला पडदा मी शिवलाय. राखाडी, जाड, खालच्या पट्टीत वजनाची साखळी घातलेली, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने फडफडत नाही. मी त्या पट्टीकडे बघत होते आणि डोक्यात एकेक सकाळ मोजत होते. किती सकाळी? मोजता येईनात. प्रत्येक सकाळी दोरी, प्रत्येक सकाळी ते वाक्य, प्रत्येक सकाळी माझी मूठ. माणूस म्हणतोय, मला आता होत नाही. आणि बायको समोर उभी राहून उत्साहाने म्हणतेय, हार माना! हं! माना! आणि तो डोळ्यांत पाणी आणून तिच्याकडे बघतोय आणि ती ते पाणी टॉवेलाने पुसून सगळ्यांना सांगतेय की यांचा धीर बघून मलाच भरून येतं. सगळ्यांना सांगितलं मी. नणंदेला फोनवर सांगितलं. वर्कशॉपमध्ये सांगितलं, तर तिथल्या बायकांनी तो शब्दच उचलला, एका हॉटेलच्या पडद्यांची मोठी ऑर्डर होती, माना मोडून आल्या होत्या, तेव्हा कापणारी टेबलावर कात्री आपटून म्हणायची, "गिवप, बायांनो!" आणि आम्ही सगळ्या मशीनवरून ओरडायचो, गिवप! मालक असता तर बिंग फुटलं असतं, पण तो पुढे दुकानात असतो. आम्ही हार माना, हार माना असं ओरडत ती ऑर्डर वेळेत पुरी केली. आता हे आठवून मला रस्त्यात हसू फुटलं आणि त्या हसण्याचा माझा मलाच इतका धसका बसला की मी तोंडावर पदर धरतात तशी पिशवी धरली.

येणारे-जाणारे किती यायचे आमच्याकडे. मी त्यांना बसवायची, चहा द्यायची आणि मग ह्यांना म्हणायची, दाखवा ना. हे डाव्या हाताने दोरी ओढायचे, उजवा हात खांद्यापर्यंत वर जायचा, बघणारे म्हणायचे, वा, काय जिद्द आहे. हे म्हणायचे, गिव्ह अप. मी अर्थ सांगायची. माणसं डोळे पुसायची. त्यांच्यातल्या एकाला तरी इंग्रजी येत नव्हतं का? येत असणारच. पण मी अर्थ सांगायच्या घाईत असायची, आणि ह्यांचे शब्द असे जड, लोळागोळा झालेले. ज्याला ऐकू आलं असेल त्याला वाटलं असेल, आपल्याच ऐकण्यात चूक झाली, बायको काय खोटं सांगेल? मी खोटं सांगत नव्हते हो. हे मी रस्त्यात मोठ्याने म्हणाले बहुतेक, कारण बसच्या रांगेतल्या एका बाईने माझ्याकडे वळून पाहिलं. आणि मग चालता चालता एक गोष्ट अशी लख्ख समोर आली की मी थांबलेच. मी वर्ग लावायचं काढलं तेव्हा मुलगा नको म्हणाला होता. वाचा शिकवणाऱ्या बाईंनीच सुचवलं होतं, तुम्ही घरची माणसं थोडं इंग्रजी शिकलात तर पेशंटला बोलायला जोडीदार मिळेल. मला ते पटलं. चाळीसएक वर्षं ज्याच्याशी मराठीत एकतर्फी भांडले त्याच्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलता येऊ नयेत? मुलगा म्हणाला, "कशाला आई, मी आहे ना सांगायला. या वयात कुठे शब्द पाठ करत बसतेस." मला राग आला होता. वाटलं, म्हातारी समजतो मला. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नव्हते.

वर्गाच्या दिवशी मुलगा ऑफिसातून परस्पर आमच्याकडे येतो आणि ह्यांच्याजवळ बसतो. मी किल्लीने दार उघडलं तेव्हा तो स्वयंपाकघरात सूपचं भांडं घासत होता. आतल्या खोलीत हे उशीला टेकून रेडिओ ऐकत होते. मी चपला काढल्या, पिशवी ठेवली, स्वयंपाकघराचं दार लावलं. ते दार आम्ही कधी लावत नाही, त्यामुळे ते अडलं आणि मला खांद्याने ढकलावं लागलं. म्हणाले, "गिव्ह अप म्हणजे काय रे?"

त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "कोणी सांगितलं?" म्हणाला.

काय म्हणजे काय, हे नाही विचारलं त्याने. कोणी सांगितलं. तिथेच मला उरलेलं सगळं कळलं आणि तरीही मी म्हणाले, "फळ्यावर होतं. लाल खडूने."

"आई, तू बस आधी."

"मी बसणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला मी वर्गात. तू मला सांगितलंस, सोडायचं नाही. मी ते सगळ्या गावाला सांगत फिरले. तुझ्या बापाच्या तोंडावर रोज सकाळी…" 

त्याने नळ बंद केला. हात पुसायला टॉवेल शोधला, सापडला नाही, शर्टाला पुसले. लहानपणी असेच पुसायचा आणि मी ओरडायची. "तू स्वतःला पाहिलं नव्हतंस तेव्हा," तो म्हणाला. "हॉस्पिटलातून आलो त्या दिवशी तुझे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. तू माझ्याकडे अशी बघत होतीस, की ते काहीतरी चांगलं बोलले असतीलच. मी काय सांगायचं होतं? बाबा म्हणतात, मला आता नको? मला वाटलं, एक दिवस. उद्या ते दुसरं काही म्हणतील, मी दुसरं काही सांगेन. तर तू मूठ उगारलीस आणि तोच शब्द म्हणायला लागलीस. आता तुला थांबवायचं तर सगळंच सांगायला हवं. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. मला हसायला येत होतं आई, शप्पथ, आणि उलटीही होत होती."

"म्हणून सकाळचा येत नाहीस होय तू."

त्याने घासलेलं भांडं ओट्यावर उपडं घातलं.

"आणि त्यांना? त्यांना काय वाटलं असेल? बायको म्हणतेय सोड, मर एकदाचा?"

"नाही. त्यांना मी सांगितलं दुसऱ्याच दिवशी. तू समोरच होतीस." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मी म्हणालो, शी डझन्ट नो, बाबा. तिला अर्थ माहीत नाही. मी तिला वेगळा सांगितलाय."

मी समोरच होते. मला ती सकाळ आठवली. बापलेक इंग्रजीत काहीतरी बोलत होते, हलक्या आवाजात, आणि मी चादर बदलताना त्यांच्याकडे बघून कौतुकाने हसत होते. वाटत होतं, चला, मुलामुळे दोन शब्द बोलतायत तरी. माझ्या डोक्यावरून, माझ्याच घरात, माझ्याबद्दल. "मग काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"म्हणाले, गुड." मुलाचा आवाज फाटला. "दोनदा म्हणाले. गुड. गुड. आई, ते तुला माहीत नाही म्हणूनच ते म्हणतात गं. दोरीपाशी, तेवढंच. तुझ्यासमोर म्हणायचं असतं त्यांना, पण तुला कळायला नको असतं. बाकी सगळा दिवस ते तू सांगशील ते करतात. त्यांना तेवढी एकच जागा उरलीय. तू उद्या काही बोलू नकोस. मी तुझ्या पाया पडतो. रोजच्यासारखी मूठ दाखव आणि म्हण."

तो गेला. जाताना आत डोकावून "गुडनाइट, बाबा" म्हणाला, आणि हे म्हणाले, "कॉपी." मी त्यांना औषध दिलं, कूस बदलून दिली, पाठीला पावडर लावली. सगळं हात करत होते. हातांचं बरं असतं, त्यांना एकदा शिवण लावून दिली की ती सरळ जात राहते. त्यांच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर काय दिसलं असतं? मी ज्याला धीराचा म्हणून मिरवला तो माणूस दिसला असता का, की त्याच्या आत बसलेला, माझी कीव करणारा कुणी दुसरा? मला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षाही राग होता. हो, राग. मी ह्यांचा मळ काढला, ह्यांच्या तोंडात घास भरवले, ह्यांच्यासाठी म्हातारपणी बाकावर जाऊन बसले, आणि ह्या दोघांनी मिळून मला लहान मुलीसारखं वागवलं. गुड म्हणे. मग रागाच्या खालून दुसरंच काही वर आलं. मी गिवप म्हणून मूठ उगारली, की हे माझ्याकडे थोडा वेळ बघायचे आणि मग दोरी ओढायचे. न चुकता. अर्थ त्यांना माहीत होता, मला माहीत नाही हेही माहीत होतं. बायकोच्या तोंडून रोज हार मान ऐकायचं, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून हात वर करायचा. फळ्यावरचे ते सगळे शब्द मला आठवले, ब्रेव्ह आणि करेज आणि ओव्हरकम, आणि मला ते पुसून टाकावेसे वाटले. कुणासाठी कोण हिंमत दाखवत होतं या घरात? आम्ही तिघंही दाखवत होतो, प्रत्येक जण दुसऱ्याला दिसावी म्हणून, आणि मनातून तिघंही घाबरलेले होतो. मी झोपले नाही. किंवा झोपले असेन, आठवत नाही.

सकाळी मी त्यांना उठवलं, तोंड धुतलं, खुर्चीत बसवलं, उजवा हात दोरीला बांधला. व्यायामवाला यायच्या आधी आम्ही दोघं थोडं करून घेतो. मी ठरवलं होतं की मुलाचं ऐकायचं. एक मूठ तर उगारायची आहे. आजवर अज्ञानाने केलं ते आता समजून करायचं, एवढंच; नाटकात बायका रोज रात्री तेच रडणं रडतात की. हे दोरी ओढायला लागले. एकदा, दोनदा. त्यांच्या मानेवरची शीर फुगली. मग थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आय गिव्ह अप."

आणि मला ते कळलं. हे कसं सांगू? आदल्या दिवशी अर्थ कळला होता, शब्दाचा. आता माझा नवरा माझ्याशी बोलला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी काही म्हटलं आणि ते थेट माझ्यापर्यंत आलं, मधे मुलगा नाही, टीचर नाही, कुणी नाही. माझी मूठ वर गेलीच नाही. मी समोरच्या स्टुलावर बसले. ते वाट बघत होते. रोज ज्या जागी माझा आवाज यायचा ती जागा रिकामी गेली, आणि मला दिसलं की त्यांच्या डोळ्यांत हळूहळू काय भरतंय. भीती. "नो," ते म्हणाले. "नो, नो." दोरी सुटली आणि उजवा हात धपकन मांडीवर पडला. चोरी पकडल्यावर मूल जसं बघतं तसे ते माझ्याकडे बघत होते, आणि मीही त्यांच्याकडे तशीच बघत असणार.

"आय नो," मी म्हणाले. "आय… अंडरस्टँड." त्यांचं तोंड उघडं राहिलं. मी कधी त्यांच्याशी इंग्रजीत वाक्य बोलले नव्हते. वर्गातून येऊन घरी सराव करायची मला लाज वाटायची. त्यांना मी जन्मभर अहो म्हणत आले, आणि आता मला म्हणायचं होतं त्यात अहो कुठे बसवायचं ते कळेना. वर्गाने काल तीनदा ओरडून म्हटलेलं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. डोन्ट. लाल खडूचं. ते म्हटलं असतं तर सगळं पुन्हा सुरळीत झालं असतं, दोरी, टॉवेल, पाहुणे, चहा. मी ते गिळलं. "गिव्ह अप व्हॉट?" मी विचारलं. "हँड?" मी त्यांच्या हाताला हात लावला.

"नेगेटिव्ह."

"टॉक? स्पीक?"

"नेगेटिव्ह."

मी औषधाच्या बाटल्यांकडे बोट दाखवलं. नेगेटिव्ह. पुढचं विचारायला माझ्या अंगात बळ नव्हतं, पण तोंड सुटलं होतं. मी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. त्यांनी इतक्या जोरात मान हलवली, की खुर्ची करकरली. मग एकच शब्द उरला. तो मला वर्गात शिकावा लागला नव्हता, तो आमच्या वर्कशॉपमधल्या मुलींनाही येतो, सिनेमांमुळे. "लाइफ?" मी म्हणाले.

ते नेगेटिव्ह म्हणाले नाहीत. खाली रस्त्यावर कुणी तरी शटर उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि त्यांची भीती हळूहळू ओसरली आणि त्या जागी दुसरं काहीतरी आलं. काम करताना ते असे दिसत असतील, असं मला वाटलं. मी त्यांना कामावर कधी पाहिलेलं नाही. त्यांनी डावा हात वर करून पंजा माझ्यासमोर धरला आणि सावकाश, एकेक अक्षर सोडवून म्हणाले, "स्टँड बाय." त्याचा अर्थ मला माहीत होता, वॉर्डात भेटायला आलेल्या त्यांच्या कंट्रोल रूममधल्या सोबत्याने सांगितला होता. जहाज बाहेर उभं असतं आणि आत घ्यायचं की नाही ते अजून ठरलेलं नसतं, तेव्हा बंदरातून तसं सांगतात. थांबा. ऐकू आलंय. विचार करून सांगतो.

मला रडू फुटलं. इतक्या महिन्यांत मी त्यांच्यासमोर रडले नव्हते, धीराची बाई ना मी. आता रडले, नाक पुसायला तोच टॉवेल घेतला. "आय अफ्रेड," मी म्हणाले, मधला कुठला तरी शब्द राहिला असेल तर राहो. ते म्हणाले, "यस." एवढंच. माझी समजूत घातली नाही त्यांनी. आम्ही दोघं दोरीच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

बेल वाजली. दारात व्यायामवाला होता, नेहमीसारखा हसतमुख, गळ्यात पिशवी. "गुड मॉर्निंग, मॅडम! काय म्हणतात आमचे वाघ?" तो चपला काढायला वाकला. मी दारातच उभी राहिले. म्हणाले, "आज नको."

"का? बरं नाही का? ताप वगैरे?"

"बरे आहेत."

"मग उद्या येऊ ना नेहमीच्या वेळेला?"

"विचारून सांगते."

तो एक चप्पल हातात धरून गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "कोणाला विचारून? डॉक्टरांना?"

"नाही," मी म्हणाले. "ह्यांना."